पलीकडच्या काठाची गॅरंटी

काशीतला माणूस गाडी घेतो आणि घरापासून लांब नेऊन ठेवतो. बाहेरच्यांना ही थट्टा वाटेल, पण आमच्या दूधविनायक मोहल्ल्यात राहणाऱ्याला दुसरा इलाज नाही. गल्लीत दोन माणसं आणि एक गाय समोरासमोर आली तर कुणाला तरी मागे सरावं लागतं, आणि गाय सरत नाही. तेव्हा गाडी मैदागिनपलीकडे कुणाच्या तरी अहात्यात, म्हणजे आवारात, भाड्याच्या जागेवर उभी असते आणि मालक घरात असतो. रविवारी तो स्कूटरवर बसून गाडीला भेटायला जातो, फडक्याने पुसतो, एकदा हॉर्न वाजवून बघतो आणि परत येतो. अशा गाड्या चालून बिघडत नाहीत, उभ्या राहून बिघडतात. त्या दुरुस्त करण्यात माझी हयात गेली.

माझं नाव दिगंबर. घरी डिगू, गिऱ्हाइकांसाठी डिग्गू गुरू. आमचं घराणं वेदपाठ्यांचं. वडील पाठशाळेत शिकवायचे आणि पहाटे मला संथा द्यायचे, पण माझा कान असायचा नदीवर. मोटार लावलेल्या नावा तेव्हा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. कुठल्या नावेचं इंजिन अडखळतंय आणि कुठलं दमलंय, हे मला पाटावर बसल्या बसल्या कळायचं. वडील म्हणायचे, "याला स्वरज्ञान आहे, फक्त भलत्याच ठिकाणी आहे." पुढे मी लहरताऱ्याला पत्र्याची शेड टाकून गॅरेज काढलं, तेव्हा ते महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग एक दिवस स्वतःच आले, कडुनिंबाखाली खुर्ची टाकून तासभर बसले, आणि जाताना म्हणाले की इथे हवा बरी आहे. मी तेवढ्यावर समाधान मानलं.

गॅरेजात माझ्याबरोबर इस्माईलभाई. मी इंजिन बघायचो, ते एसी आणि रेडिएटर. आता आम्ही दोघंही निवृत्त आहोत, म्हणजे रोज सकाळी जातो, खुर्च्यांवर बसतो आणि काम करणाऱ्यांच्या कामात लुडबुड करतो.

आमचा सीझन होळीनंतर सुरू व्हायचा. काशीला उन्हाळ्याचं वावडं नाही. बाहेर गरम वाऱ्याची लू चालत असते, आणि आमच्याकडे सणांची रांग लागलेली असते. होळीमागून बुढवा मंगल, त्यात सजवलेल्या नावांवर गाणी. चैत्रात लोक विंध्याचलला देवीला जातात. आमच्या मराठी घरांतून चैत्रगौरीचं हळदीकुंकू, म्हणजे आंब्याची डाळ, पन्हं, आणि 'अय्या, तुम्ही किती वाळलात' हे एकमेकींना सांगणं. मग जेठात गंगा दशहरा, आषाढात रथयात्रेचा मेळा आणि त्यात नानखटाईच्या दुकानांची ओळ. यांच्यामध्ये मुलांच्या सुट्या असतातच. सुट्यांत लोक मिर्झापूरकडचे धबधबे बघायला जातात. भर मे महिन्यात तिथे धबधबा नसतो, खडक असतो. खडक बघून, पुरी-भाजी खाऊन, खूश होऊन परत येतात. बनारसी माणसाला निघण्याची हौस, पोचण्याबद्दल त्याचा फारसा आग्रह नसतो.

पोचवण्याची जबाबदारी आमच्यावर यायची. उन्हाळ्यासाठी गाडी तयार करणं म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. इंजिन तापतं, त्याला गार ठेवायला त्याच्याभोवती पाणी फिरतं. हे पाणी साधं नसतं, त्यात औषध घातलेलं असतं, त्याला आम्ही कूलंट म्हणतो. ते लवकर उकळत नाही आणि आत गंज धरू देत नाही. त्याच्या टाकीचं झाकण घट्ट बसलेलं असावं लागतं, कारण आतला दाब टिकला तरच ते न उकळता काम करतं. मग ते फिरवणारे रबरी पाइप, ते चिरले नाहीत ना बघायचं. टायरात हवा बेतानं, कारण तापलेल्या डांबरावर ती फुगते. बॅटरीचं पाणी, एसीच्या जाळीतली धूळ. एवढं केलं की गाडी नव्वद टक्के आपल्या पायावर उभी राहते. उरलेले दहा टक्के गिऱ्हाईक बिघडवतं.

एक हलवाई होते, चौकात मोठं दुकान. त्यांची तक्रार एकच, एसी गार करत नाही. इस्माईलभाईंनी तपासला, दात वाजतील इतका गार. हलवाई गाडी घेऊन जायचे आणि दोन दिवसांनी परत यायचे. शेवटी मी सांगितलं, "पूरे परिवार को लेके आइए." हा माझा नियमच होता. गाडीत कोण बसणार ते बघितल्याशिवाय गाडी कळत नाही. सगळा परिवार आला, दाटीवाटीने बसला, आणि मी पुढे बसून भर दुपारी त्यांना रिंगरोडवर फिरवलं. आरशात बघतो तर मागे बसलेल्या सासूबाईंनी खिडकी चार बोटं उघडी ठेवलेली. त्यांच्या तोंडात पान होतं. पानवाल्या माणसाला बनारसमध्ये खिडकी बंद करायला सांगणं म्हणजे श्वास बंद करायला सांगणं. हलवाई जावई असल्यामुळे बोलू शकत नव्हते. मी त्यांना एक झाकणाचा पितळी डबा आणून सासूबाईंना पिकदाणी म्हणून द्यायला सांगितलं. त्यानंतर एसीची तक्रार आली नाही.

दुसऱ्या एकांच्या गाडीत वास यायचा. नवी गाडी, घेतल्या दिवशी पूजा झालेली, पुढच्या काचेला झेंडूची माळ. उंदराने ती माळ थोडी थोडी करून एसीच्या नळीत नेली होती आणि तिथे प्रशस्त घरटं केलं होतं. घरट्यात पिल्लंही होती. मालकीणबाईंनी मागणी केली की पिल्लं सुखरूप बाहेर काढा, ती गणपतीची आहेत. इस्माईलभाई त्या दिवशी संपूर्ण दुपार चिमट्याने गणपतीची पिल्लं काढत होते आणि मधूनमधून माझ्याकडे बघत होते.

पण या सगळ्यांवर वरताण होती ती गंगाजलाची तऱ्हा. काशीच्या बाहेर कुठल्या गॅरेजवाल्याला हा ताप असेल असं मला वाटत नाही. लांबच्या प्रवासाला निघताना आमच्याकडचा माणूस बॉनेट उघडतो आणि कूलंटच्या टाकीत थोडं गंगाजल घालतो. कुणी पळीभर घालतो, कुणी तांब्याभर. देवघरातला गडू नऊ वर्षं तसाच्या तसा राहतो, मग इंजिनात काय होणार, असा त्यांचा हिशेब. मी समजावत असे की गंगाजल सडत नाही हे खरं, पण त्यातली माती खाली बसते, रेडिएटरच्या बारीक नळ्या तुंबतात. एकाने मला ऐकवलं, "गुरु, जौन पानी से मोच्छ मिलत हौ, ओसे तोहार इंजिन बिगड़ जाई?" मोक्ष देणाऱ्या पाण्याने इंजिन बिघडेल, यावर कुणाचा विश्वास बसेना. मी भिंतीवर मोठ्या अक्षरांत सूचना रंगवून घेतली की इंजिनात गंगाजल घालू नये. लोक ती वाचायचे आणि आपल्यासाठी नाही असं समजायचे.

आता गोदाकाकूंची गोष्ट सांगतो. एवढ्या वर्षांत हजारो गाड्या हातांखालून गेल्या, पण मला कुणी विचारलं की सगळ्यांत अवघड काम कुठलं, तर मी हेच सांगेन.

गोदाकाकू आमच्या शेजारच्या. माझ्या आईची मैत्रीण. काका संस्कृतचे अध्यापक होते. ते जाताना काकूंना म्हणाले होते, "आता इथून हलू नकोस." काशीत मरण आलं की मुक्ती, यावर आमच्याकडे कुणी वाद घालत नाही. त्याची दुसरी बाजू अशी, की गंगेच्या पलीकडच्या काठावर मरण आलं तर पुढचा जन्म गाढवाचा. हसू येईल, पण ऐंशीच्या पुढे गेलेल्या माणसाला येत नाही. काकूंनी काकांच्या मागे काशीची वेस ओलांडली नाही. मुलगी वर्षा नागपूरला दिलेली. तिने घर बांधलं, वास्तुशांतीला काकू गेल्या नाहीत. नातवाची मुंज झाली, गेल्या नाहीत. वर्षा दर उन्हाळ्यात फोन करायची, "आई, या वर्षी तरी ये," आणि काकू म्हणायच्या, "तूच ये गं, इथे काय कमी आहे?" बोलणं संपल्यावर मात्र फोन मांडीवर तसाच घेऊन बसायच्या. हे मला त्यांचा मुलगा मुकुंद सांगायचा. मुकुंद शाळेत शिकवून निवृत्त झालेला, अतिशय सज्जन, आणि गाडी चालवताना दोन्ही हातांनी स्टिअरिंगला लटकणारा.

त्यात काकूंचे गुडघे गेले. सपाटीवर काठी घेऊन चालायच्या, पण पायऱ्या बंद. आणि घाट म्हणजे पायऱ्याच. ज्या बाईने उभा जन्म संकठा घाटावर रोज आंघोळ केली, तिला आता घरात बसून घाटावरची घंटा ऐकायची आणि बादलीतल्या पाण्याला गंगा म्हणायचं. दोघांनी खुर्चीत बसवून खाली न्यावं असं मुकुंदने सुचवलं, तेव्हा काकू भडकल्या. "या घाटावर माणसांच्या खांद्यावरून एकदाच उतरायचं असतं. मी अजून जिवंत आहे."

एका जेठात मुकुंद गाडी घेऊन गॅरेजवर आला, आणि मागच्या सीटवर काकू. गल्लीतून मैदागिनपर्यंत त्या स्कूटरवर मागे बसून आल्या होत्या, एका बाजूला पाय सोडून, नऊवारी सावरत. मी धावत गेलो, नमस्कार केला.

"डिगू, दूधवाला म्हणतो पलीकडे पाण्यापर्यंत गाडी जाते. खरं का रे?"

"जाते काकू. या दिवसांत पाणी कमी, रेती मोकळी. राजघाटच्या पुलावरून पलीकडे उतरायचं आणि मग सरळ रेतीत. उंटवाले, चहावाले सगळे तिथे असतात."

"आणि परत येते?"

"गाडी? येणारच की."

"गाडीचं नाही विचारत. मी."

मुकुंद म्हणाला, "डिगू, तू समजाव जरा. गंगा दशहऱ्याला डुबकी मारायची म्हणून आईने घर डोक्यावर घेतलंय. पलीकडे चल म्हटलं तर घाबरते, नको म्हटलं तर नाराज होते. मी तर एकदम परेशान झालोय."

"परेशान व्हायला काय झालं?" काकू म्हणाल्या. "गंगा पलीकडूनही गंगाच आहे, एवढं मला कळतं. पण तिकडे गाडी बंद पडली, ऊन चढलं, आणि माझं काही झालं तर? तुझ्या काकांना काय सांगू? डिगू, तू गॅरंटी दे."

मी आयुष्यात कुठल्या गिऱ्हाइकाला गॅरंटी दिली नव्हती. यंत्राचा आणि माणसाचा भरवसा देऊ नये, हे धंद्यातलं पहिलं शहाणपण. पण काकू माझ्याकडे बघत होत्या, आणि मला त्यांनी लहानपणी भरवलेला साखरभात आठवला. मी म्हणालो, "दिली. मी स्वतः चालवीन. दुपारच्या आत तुम्ही दूधविनायकात."

"पक्का?"

"पक्का."

मागे उभे असलेले इस्माईलभाई नंतर मला म्हणाले, "गुरु, ई का कइला? ऊपरवाले का काम अपने मत्थे ले लेला?"

मग मी त्या गाडीला लागलो. एखाद्या लग्नघरासारखी तिची तयारी केली. पाइप बदलले, पट्टा बदलला, नवं कूलंट भरलं, पंखा तपासला. इस्माईलभाईंनी रेडिएटर पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढला. आदल्या दिवशी मी एकटाच पलीकडे जाऊन आलो. रेतीत गाडी न्यायची तर टायरातली हवा निम्मी सोडावी लागते, म्हणजे टायर पसरतो आणि रुतत नाही. ओल्या रेतीचा घट्ट पट्टा कुठे आहे ते चालत जाऊन पायाने दाबून बघितलं. पाणी जिथे उथळ आणि तळ सपाट होता, तिथे खुणेला काठी रोवली. प्लॅस्टिकची खुर्ची, मोठी छत्री, हवा भरायचा पायपंप, सगळं डिकीत टाकलं. आता काही राहिलं नाही अशी माझी खात्री झाली, आणि गाडी मी रात्रीपुरती मुकुंदच्या ताब्यात दिली.

दशहऱ्याच्या सकाळी आम्ही तिघं निघालो, स्टिअरिंगवर मी. पुलावर तोबा गर्दी. सगळा पूर्वांचल गंगेवर लोटला होता. ट्रॅक्टर, ऑटो, पायी माणसं, डोक्यावर गाठोडी. गाडी मुंगीच्या पावलाने सरकत होती. काकूंसाठी एसी पूर्ण सोडला होता. काकू डोळे मिटून पुटपुटत होत्या. पुलाच्या मध्यावर आल्यावर त्यांनी डोळे उघडून विचारलं, "गेली का काशी?" मुकुंद म्हणाला, "अजून नाही आई." त्यांनी परत डोळे मिटले.

पलीकडे उतरलो, हवा सोडली, रेतीत शिरलो. खालच्या गिअरमध्ये इंजिन घुमत होतं. तेव्हा मला तापमानाचा काटा वर चढताना दिसला. मी गुपचूप एसी बंद केला. काठीची खूण आली, पाण्यापासून हातभरावर गाडी उभी केली आणि बॉनेटच्या फटीतून वाफ निघाली. काकूंचं लक्ष पाण्याकडे होतं.

खुर्ची पाण्यात मांडली. आम्ही दोघांनी हाताला धरून काकूंना तिच्यावर बसवलं. गुडघ्यापर्यंत पाणी होतं. काकूंनी ओंजळ भरली, सूर्याकडे बघितलं, आणि तांब्याने डोक्यावर पाणी ओतायला सुरुवात केली. दशहऱ्याला दहा पापं जातात म्हणून दहा तांबे. दहा झाल्यावर त्या म्हणाल्या, "आता हे वर्षाच्या नावाने," आणि आणखी ओतू लागल्या. मग नातवाच्या नावाने, मुकुंदच्या नावाने, माझ्या मेलेल्या आईच्या नावाने. समोर भोसले घाटाचा दगडी वाडा उन्हात उजळला होता, त्याच्या बाजूला संकठा घाट, वर आमची वस्ती. काकू तिकडे बघून लहान मुलीसारख्या हसत होत्या. मुकुंद तोंड फिरवून उभा राहिला. माझं मात्र अर्धं लक्ष वाफेकडे होतं.

इंजिन थोडं शांत झाल्यावर मी बॉनेट वर केलं. कूलंटच्या टाकीचं झाकण तिरकं बसलेलं होतं, आटे चुकवून. दाब राहिलाच नव्हता आणि सगळं कूलंट उकळून बाहेर गेलं होतं. हे झाकण मी स्वतः घट्ट केलेलं. झाकण काढून आत बघितलं, तर तळाशी तुळशीचं पान.

मी मुकुंदकडे बघितलं. मुकुंदने आईकडे बघितलं. ओल्या नऊवारीत, छत्रीखाली आणून बसवलेल्या काकू म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघता? मीच सांगितलं होतं त्याला. थोडं गंगाजल आणि तुळशीपत्र. एवढ्या लांब पलीकडे जायचं, वाटेत तिचं काही बरंवाईट झालं तर? तिलाही गती नको का?"

मरणाऱ्याच्या तोंडात जे घालतात, ते त्यांनी गाडीच्या तोंडात घातलं होतं. पूर्ण तयारीनिशी. माझ्या सगळ्या धंद्यात एवढ्या प्रेमाने कुणी गाडी बिघडवली नव्हती. रागवावं तरी कसं?

पण हसण्याची वेळ नव्हती. ऊन भराभर चढत होतं. रेती तापायला लागली. आणि तेवढ्यात काकू एका बाजूला कलल्या. मुकुंदने धरलं म्हणून, नाहीतर रेतीत पडल्या असत्या. त्यांना मागच्या सीटवर आडवं केलं, दारं उघडी ठेवली, मुकुंद पंच्याने वारा घालू लागला. जवळची प्यायच्या पाण्याची बाटली त्यांच्या तोंडाला लावली. काकूंनी माझं मनगट पकडलं. त्या पकडीत केवढी ताकद होती.

"डिगू, इथे नको रे. मला इथे मरायचं नाही."

मी घाबरलो. सरळ सांगतो, इंजिनं फाटलेली बघितलीत, पेटलेली गाडी हाताने विझवलीय, पण तसा कधी घाबरलो नव्हतो. गाढवाच्या जन्मावर माझा विश्वास आहे की नाही, हा प्रश्नच त्या वेळी उरला नाही. काकूंचा होता, तेवढं पुरे होतं. आणि मी शब्द दिला होता. मुकुंद म्हणाला, "नाव बोलावू का? समोर आपल्या घाटावर उतरवू." पण तिथून वर पायऱ्या होत्या, आणि काकूंनी पडल्या पडल्या मान हलवली.

इंजिन अजून गरम. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतलं तर ते तडकतं, म्हणून थांबणं भाग होतं. थांबणं हा आमच्या धंद्यातला सगळ्यांत कठीण भाग. हात शिवशिवतात आणि काही करायचं नसतं. मी ओला गमछा रेडिएटरच्या जाळीवर धरून उभा राहिलो. मुकुंद सारखा घड्याळ बघत होता. मधे काकूंचा आवाज आला, "मुकुंदा, रडू नकोस. गाढव झाले तर डिगूच्या गॅरेजच्या दारात येऊन उभी राहीन. ओळख तेवढी ठेवा."

"काकू, गप्प पडून राहा," मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडलो असेन.

मग पाणी भरायची वेळ झाली. बाटलीत घोटभर उरलं होतं, ते काकूंसाठी हवं होतं. दुसरं पाणी कुठलं? समोर सगळी गंगा वाहत होती. मी काकूंचाच तांब्या घेतला, टाकीच्या तोंडाला गमछा लावला, आणि गाळून गाळून गंगाजल भरलं. तांब्यामागून तांब्या. ज्या माणसाने भिंतीवर सूचना रंगवली, तो हे करत होता. काकू मागून बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर थोडा रंग आला होता.

"आता चालतं वाटतं?" त्या म्हणाल्या.

झाकण आटे जुळवून घट्ट केलं. किल्ली फिरवली. इंजिन एकदा खोकलं आणि लागलं. उंटवाल्याने आणि चहावाल्याने मागून हात लावला, "हर हर महादेव" म्हणून ढकललं, आणि आम्ही रेतीतून बाहेर पडलो. डांबरावर आल्यावर पायपंपाने टायर भरले. तो पंप मारताना माझी छाती फुटायची वेळ आली होती.

पुलावर परत तीच गर्दी. काटा हळूहळू चढू लागला. अशा वेळी एकच उपाय असतो, तो म्हणजे गाडीतला हीटर पूर्ण सोडायचा. इंजिनाची उष्णता आत ओढून घ्यायची, म्हणजे इंजिन वाचतं. माणसांनी सोसायचं. जेठातलं बनारस, आणि मी हीटर लावला. चारी खिडक्या उघड्या. पायांशी नुसत्या झळा येत होत्या. मुकुंदचा चष्मा घामाने घसरत होता. ओल्या लुगड्यात काकूच तेवढ्या बऱ्या होत्या, खिडकीतून नदीवरचा वारा त्यांच्या अंगावर येत होता. त्यांनी डोळे मिटून घेतले होते, आणि मी दर चार हातांवर आरशात बघत होतो, की छाती वरखाली होतेय ना.

पुलाचा शेवटचा खांब मागे पडला. समोर राजघाटची चढण, भाजीवाले, पोलिसाची शिट्टी.

"आली का काशी?" काकूंनी डोळे न उघडता विचारलं.

"आली आई," मुकुंद म्हणाला.

काकूंनी डोळे उघडले. उठून बसल्या. खिडकीबाहेर बघितलं, डावीकडे, उजवीकडे, नीट खात्री करून घेतली. मग पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "मुकुंदा, वर्षाला फोन लाव."

मुकुंदला वाटलं तब्येतीचं सांगायचं असेल. त्याने फोन लावून त्यांच्या कानाशी धरला.

"वर्षा? मी बोलतेय गं. ऐक, मी पलीकडे जाऊन आले. हो, पुलाच्या पलीकडे. काही झालं नाही मला. चक्कर आली, पण परत आले." मग थोडं थांबून त्या म्हणाल्या, "मी येते तुझ्याकडे. या पंधरवड्यातच येते. तुझं घर बघायचं राहिलंय माझं."

काकूंनी फोन कानाला घट्ट दाबून धरला. मग त्या हळूच म्हणाल्या, "अगं रडतेस कशाला, वेडे. खरंच येते."

फोन त्यांनी मांडीवर ठेवला आणि बराच वेळ बाहेर बघत राहिल्या. हीटर धगधगत होता. मैदागिनच्या अलीकडे त्यांनी पुढे वाकून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"डिगू, एक विचारू का रे? नागपूरपर्यंत असं हीटर लावूनच जायचं असतं का?"